खांबापाशी काढलेले तीन फोटो

उस्मानाबाद,
रविवार, ता. १५ डिसेंबर १९६३

प्रिय शामला,

तुझं पत्र बुधवारीच हातात पडलं. एरवी मी उलट टपाली उत्तर टाकणारी, हे तुला ठाऊक आहे, पण या खेपेला लेखणी उचलायला रविवार उजाडला. शाळेच्या खेळांचे फोटो काढायला कोणता कॅमेरा घ्यावा आणि त्याला लेन्स कोणत्या असाव्यात, एवढंच तू विचारलंस. साधी गोष्ट. पण त्या साध्या गोष्टीची चौकशी करायला मी घराबाहेर पडले आणि जे समोर आलं त्यानं माझं डोकं अजून सुन्न आहे. काल वर्गात हजेरी घेताना मी माझंच नाव पुकारलं. पोरी हसल्या, मला हसू येईना.

आधी विमलचं ऐक, म्हणजे मी एवढी का हादरलेय ते कळेल. आमच्या खो-खोच्या संघातली ती उंच, सावळी, हट्टी पोर. सामन्यानंतर तुमच्या लोहाऱ्याच्या संघातल्या रत्नमालेला तिनं आपण होऊन चापट मारली असा ठपका आला आणि तिचं शाळेतनं नाव कमी झालं, इथपर्यंत तुला माहीतच आहे. पुढचं माहीत नसेल. तिचे वडील भीमाशंकर तहसिलीत कारकून आहेत. माणूस वाईट नाही. मुलीला मॅट्रिक करायची म्हणून भावकीची बोलणी त्यांनी मुकाट ऐकून घेतली होती. पण शाळेनं काढलेली, मारामारी करणारी पोर म्हटल्यावर त्यांचा धीर सुटला. त्यांनी येरमाळ्याचं स्थळ धरलंय. नवरा बिजवर आहे, हमरस्त्यावर त्याचं चहाचं हॉटेल आहे, आणि येत्या शनिवारी भीमाशंकर सुपारी फोडायला निघालेत. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा म्हणाले, बाई, शाळा पोरीला परत घेती म्हणाली तर मी आज थांबतो, मला काय हौस न्हाय, पण शाळाच घेत न्हाय तर कशाच्या नावानं घरात ठिवू तिला? विमल आत भाकरी थापत होती. तिनं माझ्याकडं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. जी पोर मी रागावले तरी उलट माझ्याच डोळ्यांत रोखून बघायची, ती परातीकडं बघत बसली.

पण तू विचारलंस त्याचं उत्तर तर दिलं पाहिजे. डबा कॅमेरा मुळीच घेऊ नकोस, कुणी फुकट दिला तरी. समोर उभं राहून दात दाखवणाऱ्यांचे फोटो त्यात झकास येतात, पण पळणारी पोर म्हणजे नुसता पांढरा फराटा. गेल्या वर्षी आम्ही तोच वापरला होता. लांब उडीच्या फोटोत वाळू आली, झेंडा आला, पोरगी आलीच नाही. दुसरा तो छातीशी धरून वरनं खाली बघायचा, दोन डोळ्यांचा. तो चांगला, फिल्म मोठी, फोटो स्वच्छ येतो. पण त्याच्या काचेत डावं ते उजवं दिसतं. पोर डावीकडं पळाली की काचेत ती उजवीकडं जाते आणि आपण गरकन उलट्या अंगाला वळतो. गुरुवारी मी जैनोद्दीनचाचांच्या दुकानात तो हातात घेऊन रस्त्यावरच्या एका शेळीचा पाठलाग करून पाहिला. शेळी गेली कचेरीकडं आणि मी वळले मशिदीकडं. चाचा गालात हसले. म्हणाले, सवय लागते बाई, पर तवर सामना संपतो.

हे जैनोद्दीनचाचा म्हणजे आमच्या गावचे जुने फोटोवाले. लग्नं, मुंजी, शाळांचे गट, सगळं त्यांच्याकडं. त्या दिवशी सामन्याचे फोटो त्यांनीच काढले. पांढऱ्या दाढीचा, गळ्यात चामडी पेटी अडकवलेला माणूस तुला आठवत असेल. त्यांच्याजवळ एक जर्मन कॅमेरा आहे. पोलीस ॲक्शननंतर हैद्राबादेत कुणा जहागीरदाराचं सामान विकायला निघालं, त्यातनं त्यांनी तो आणला. तसला मिळाला तर डोळे झाकून घे. त्याची लेन्स फिरवून काढता येते आणि दुसरी बसवता येते. एक नेहमीची लेन्स ठेव, बक्षीस समारंभाला आणि गटाच्या फोटोला. फार रुंद दृश्य दाखवणारीही एक मिळते, तिच्या नादाला लागू नकोस. कडेच्या पोरी त्यात फुगून भोपळे होतात. चार पावलं मागं सरलं की नेहमीच्या लेन्सनं भागतं. पण दुसरी लेन्स लांबच पाहिजे, चांगली वीतभर. खो-खोला आपण रेषेबाहेर उभे असतो आणि खरा खेळ रंगतो पलीकडच्या खांबापाशी. लांब लेन्स तो खांब उचलून आपल्या पुढ्यात आणून ठेवते. फक्त तिच्यात हाताचा बारीक कंपही मोठा दिसतो. म्हणून शटर पाचशेवर ठेवायचं, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग, आणि कोपर बरगडीला टेकवून श्वास रोखायचा. एवढं जलद शटर टळटळीत उन्हातच चालतं. संध्याकाळच्या कबड्डीला ते नुसतं गळ्यातलं ओझं. आणि उगाच दर पळणाऱ्या पोरीमागं कॅमेरा फिरवू नकोस. खांबावर नेम धरून थांब, पोरी आपोआप तिथं येतात.

तर त्या दिवशी चाचा तसेच खांबावर नेम धरून थांबले होते. वेळ संपल्याची शिट्टी झाली. पंच टेबलाकडं गुण मोजायला वळले. आमच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, कारण आपण जिंकलो असं त्यांनी मनाशी मोजूनही टाकलं होतं, आणि त्या घोळक्यात मीही होते, माझी चप्पल सुटली तरी मला भान नव्हतं. लांबच्या खांबापाशी मात्र विमल आणि रत्नमाला राहिल्या होत्या. कालवा ऐकून आम्ही धावलो तोवर रत्नमालेच्या ओठातनं रक्त येत होतं आणि विमलचा हात अजून वरच होता. विमल म्हणाली, आधी तिनं माझी वेणी धरून मला मागं ओढलं. रत्नमाला म्हणाली, आधी हिनं मला मारलं. कुणी पाहिलं का, म्हणून विचारलं, तर कुणीच पाहिलेलं नाही. एस.टी. स्टँडवर निघताना तू माझा हात हातात घेतलास आणि म्हणालीस, चंद्रा, मी पाण्याच्या घागरींपाशी होते गं, मला काहीच दिसलं नाही. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मला तुझीच कीव आली. मीच तुला म्हटलं की पोरींची भांडणं, चार दिवसांत विसरतील.

चार दिवसांत विसरली नाहीत, चौकशी बसली. चार शाळांचे मुख्याध्यापक, त्यांत प्रमुख आमचे पंचाक्षरी सर. सरांना तू लांबून ओळखतेस, मी रोज भोगते. आपल्या शाळेची मुलगी म्हणून सोडली, असं कुणी म्हणू नये यासाठी ते आपल्या मुलीला दुसऱ्यापेक्षा दुप्पट शिक्षा करतील असा माणूस. चाचांनी त्या वेळी खांबापाशी टिपलेले तीन फोटो मोठे करून एका पुठ्ठ्यावर ओळीनं चिकटवून पाठवले होते. सरांनी पुठ्ठा समोर धरला, बोट टेकवत टेकवत सांगितलं की पहिल्यात विमलची चापट, दुसऱ्यात झोंबाझोंबी, तिसऱ्यात बिचाऱ्या रत्नमालेनं वेणी धरलेली. म्हणजे सुरुवात विमलची. बाकीचे त्यांच्या खांद्यावरून बघत होते, त्यांनी माना हलवल्या. सरांसारखा माणूस स्वतःच्याच शाळेविरुद्ध बोलतोय म्हटल्यावर शंका कोण घेणार? मी दाराशी उभी होते. मी म्हटलं, पोर तापट आहे पण खोटारडी नाही. तर सर म्हणाले, बाई, पोर खोटं बोलंल, तुम्ही आम्ही खोटं बोलू, फोटो काय लाच खातो का? हातच्या कांकणाला आरसा कशाला. सगळ्यांच्या सह्या झाल्या. ढाल लोहाऱ्याला, आमचा संघ बाद, विमल घरी.

आता गुरुवारचं सांगते. तुझं पत्र आलं नसतं तर मी त्या दुकानाची पायरीच चढले नसते. फोटो या शब्दाचाच मला वीट आला होता. चाचांना मी म्हटलं, माझ्या लोहाऱ्याच्या मैत्रिणीला कॅमेरा घ्यायचाय, काय काय लागतं ते नीट समजावा. ते खुलले. साधी लेन्स आणि लांब लेन्स यांच्यात काय फरक पडतो ते दाखवायला त्यांनी काचेच्या टेबलावर फोटो मांडायला घेतले. साध्या लेन्सचे दोन मांडले, त्यात पोरी मुंग्यांएवढ्या. मग म्हणाले, आणि हे बघा लांब लेन्सचे, हेच तुमच्या हेडमास्तरांना दिले. डावीकडून ठेवत गेले, रत्नमालेनं वेणी ओढलेली, मग झोंबाझोंबी, मग चापट. आणि तोंडानं सांगत होते की ही बघा सुरवात, त्या पोरीनं येनी वढली, मग ही फिरली, मग हिनं हानली. मला वाटलं म्हातारपणी विसरले. मी म्हटलं, चाचा, तुम्ही उलटं मांडलंत. म्हणाले, उलटं कसं? म्याच काढले, म्याच लावले. उभी उमर उर्दूत गेली, माझा हात उजवीकडनंच चालतो, पर आता मराठीचा जमाना हाय, सायबलोक डावीकडनं वाचनार, म्हनून ध्यानात ठिवून मुद्दाम डावीकडनं चिकटवले.

शामला, मी बसलेच. तिथंच, फोटोवाल्याच्या त्या लाल गादीच्या खुर्चीत, जिथं नवरा-नवरी बसतात. नसीमबींनी, म्हणजे चाचांच्या घरच्यांनी, आतनं पाणी आणून दिलं. मी ते तिन्ही फोटो उचलले आणि तशीच भर उन्हात शाळेत गेले. सर हिशेब करत होते. सर बेरजा अजून उर्दूत पुटपुटत करतात हे तुला सांगितलंय ना मी? त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतलं, निजामाच्या शाळेतलं. मराठी वाचतात, पण थकले की उर्दू पेपर काढून बसतात. मी त्यांच्यापुढं फोटो ठेवले आणि चाचा काय म्हणाले ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग इतक्या हळू बोलले की मला वाकून ऐकावं लागलं. म्हणाले, जैनोद्दीनच्या हातचा पुठ्ठा म्हणून मी उजवीकडनं वाचला, मला वाटलं त्याची रीत ती असणार.

कळलं का तुला काय झालं ते? आपण प्राथमिक शाळेत होतो तेव्हा दप्तरात दोन पुस्तकं असायची, मराठीचं पुढनं उघडायचं आणि उर्दूचं मागनं, आणि घाईत आपण मराठीचंही मागनं उघडून बसायचो. ती गंमत होती गं. इथं दोन शहाण्या म्हाताऱ्यांनी एकमेकांचा मान ठेवला. मुसलमानानं मराठीचा, लिंगायतानं उर्दूचा. दोघांनीही चांगुलपणा केला आणि तो त्या पोरीच्या मानगुटीवर बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण ती देणारे निदान दुष्ट तरी असायला हवेत. इथं मी भांडू कुणाशी? मला इतका राग आलाय आणि तो ठेवायला जागा नाही. सर त्या खुर्चीत नुसते बसून राहिले. पुढचा तास त्यांचा होता, घंटा झाली, ते उठले नाहीत. त्यांच्या शाळेत काढलेल्या उभ्या आयुष्यात हे पहिल्यांदा झालं असेल.

तुला वाटेल, मग काय अडलं, चूक कळली, दुरुस्त करा. मलाही तेच वाटलं होतं. पण सह्या चौघांच्या आहेत. आता सर एकटेच उठून म्हणाले की मी उलटं वाचलं, तर लोक म्हणणार, मास्तर पाघळला, आपल्या पोरीसाठी फिरला. फिल्मवर आकडे असतात म्हणे, त्यावरनं आधीचा कोणता नंतरचा कोणता ते कळतं. पण हल्ली फिल्म मिळते कुठं? चाचा सोलापूरहून सिनेमाच्या फिल्मचे उरलेसुरले तुकडे आणतात, त्यावर त्यांच्या फोटोंचे आकडे नाहीत, आणि मोठे करायला सोपं पडावं म्हणून त्यांनी ते तीन फोटो कापून सुटे करून ठेवलेले. राहिला चाचांचा शब्द. शुक्रवारी सरांनी शिपायाच्या हाती तुमच्या मुख्याध्यापकांना चिठ्ठी पाठवली. शनिवारी उत्तर आलं. पुठ्ठा सर्वांनी मिळून पाहिलेला आहे, फोटोवाला तुमच्या गावचा आहे, आमच्या शामलाबाई मैदानात हजर होत्या आणि त्यांनी काही पाहिलेलं नाही, तेव्हा प्रकरण मिटलं असं समजावं. सर मला म्हणाले, बाई, येत्या शुक्रवारी पुन्हा बैठक आहे. मला आता माझ्याच डोळ्यांचा भरवसा राहिला न्हाय. लोहाऱ्याच्या बाजूचं एक माणूस उठून बोललं तर पोरीचं नाव मी त्याच दिवशी लावतो आणि भीमाशंकरला स्वतः जाऊन सांगतो. नाहीतर शनिवारी सुपारी फुटली.

मी त्यांना म्हटलं, शामला माझी जिवाची मैत्रीण आहे, तिनं पाहिलं असतं तर ती मला बोललीच असती. आणि मी हे अगदी मनापासून म्हटलं, बरं का. तू भिडस्त आहेस, ते मला नवं नाही. ट्रेनिंग कॉलेजच्या मेसमध्ये भातात अळ्या निघाल्या तेव्हा आम्ही सगळ्याजणी ताटं घेऊन रेक्टरबाईंच्या दारात उभ्या राहिलो आणि त्यांनी नेमकं तुला विचारलं, तर तू म्हणालीस मला तर भात बरा लागला. महिनाभर मी तुला भीड भिकेची बहीण म्हणून चिडवत होते. पण त्याच वर्षी मला टायफॉईड झाला तेव्हा माझी अंथरुणं तू धुतलीस, आणि कुणाला सांगितलंही नाहीस. माझ्या आईला ते तिच्या शेवटच्या दिवसांतही आठवत होतं. म्हणून तुझ्या पत्रात जेव्हा वाचलं की एवढ्या वर्षांची ती टांगती नोकरी एकदाची कायम झाली, आता तुझ्या आईच्या औषधाची चिंता मिटली, तेव्हा मी देवीपुढं साखर ठेवली. खरंच ठेवली. कॅमेऱ्याचे पैसे अण्णाराव देतायत, ढाल जिंकल्याच्या आनंदात, हेही तू लिहिलंस. अण्णाराव शाळा कमिटीचे आणि रत्नमालेचे वडील, तेव्हा त्यांना आनंद होणारच, असं म्हणून मी पान उलटलं. मला त्यात काही खुपलं नाही. बुधवारी खुपलं नाही, गुरुवारी खुपलं नाही, शुक्रवारीही नाही.

काल दुपारी मी पुन्हा चाचांकडं गेले. मनात एवढंच होतं की त्या खांबाच्या आसपास कुणी तरी असेल, एखादा पाणीवाला, एखादी सहलीला आलेली मास्तरीण, आणि त्या माणसाला शोधून काढून मी शुक्रवारी उभं करीन. पुठ्ठ्यावरच्या फोटोंत चाचांनी दोघी पोरींपुरताच भाग मोठा केला होता. मी म्हटलं, वेणीचा पूर्ण फोटो, कडांसकट करून द्या. आतल्या अंधाऱ्या खोलीत नसीमबी औषधाच्या तसराळ्यात फोटोचा कागद हलवत होत्या आणि मी वाकून बघत होते. आधी खांब आला. मग रत्नमालेचा हात आणि त्यात विमलची वेणी, मान मागं ओढलेली. मग त्यांच्या मागं, रेषेलगत, तू. जवळ घागरी नाहीत, पाणी नाही, कुणी नाही. पदर खांद्यावरनं घेतलेला, बंद छत्री काखेत, आणि तळहात तोंडावर, जसा तू भीतीनं ठेवतेस. तू सरळ त्या दोघींकडं बघतेस. मी चाचांना म्हटलं, ही कोण असेल बरं, आणि माझ्या आवाजाचं मलाच नवल वाटलं. त्यांना तू कोण ते ठाऊक नाही. मी घरी येऊन दार लावून बसले आणि रडू आलंच नाही, इतकी मी थिजले होते. शामला, चापटेच्या आधी काय झालं ते तू पाहिलंस. स्टँडवर माझा हात धरलास तेव्हा तुला ते माहीत होतं. त्यानंतर तू मला पत्र लिहिलंस, चार पानं, आणि त्यात विमलचं नाव एकदाही आलं नाही. तुझी आई, तुझी नोकरी, अण्णारावांचा धाक, मला सगळं समजतं गं. मी तुझ्या जागी असते तर बोलले असते, असं छातीला हात लावून मीही म्हणू शकत नाही. पण मी तुझ्या जागी नाही, मी विमलची बाई आहे. हे पत्र मी त्यासाठी लिहितेय. शुक्रवारच्या बैठकीला तू आपल्या पायांनी आलीस आणि पाहिलं ते सांगितलंस, तर तू आता आठवून सांगतेस की तेव्हा लपवलंस, हे कुणी विचारणार नाही, आणि हा फोटो माझ्या पेटीबाहेर कधी येणार नाही. नाही आलीस तर तो मी स्वतः सरांच्या टेबलावर ठेवीन. त्यानं तुझं काय होईल ते मला कळतं, आणि कळूनही ठेवीन. तुझ्या पाठीमागं काही करायचं नाही म्हणून तुला आधी सांगतेय. विमलला मी अजून काहीच बोलले नाही. तिला कळलं की हे सगळं पाहणारं कुणीतरी तिथं होतं, तर ती मला पहिलं हेच विचारील की मग त्या बाई बोलल्या का नाहीत. गुरुवारच्या एस.टी.नं ये. मी स्टँडवर असेन.

तुझीच,
चंद्रप्रभा